फोटोपुरते कपडे

हार्ड डिस्क भरली की मी टाकाऊ फोटो पुसायला बसतो. लग्नाच्या धंद्यातलं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. डोळे मिटलेली नवरी, जांभई देणारा नवरा, मध्येच आलेलं कुत्रं. गेल्या आठवड्यात असाच बसलो होतो आणि लक्षात आलं, की या टाकाऊ फोटोंत आमच्या गाऊनवाल्या मगदूमताई जागोजाग आहेत. गाऊनचा घोळ हवेत फेकून पळणाऱ्या, वाकलेल्या, अर्ध्या. कुठे नुसता हात, कुठे निळ्या साडीचा पदर आणि पायातली स्लीपर. निवडलेल्या फोटोंत त्या कुठेच नाहीत; असत्या तर तो फोटो निवडलाच नसता. पुसायचं बटण काही दाबवेना. डिस्क अजून भरलेलीच आहे.

साताऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. वडिलांच्या काळात तिथे पासपोर्टचे आणि बारशाचे फोटो निघत. माझ्या हातात दुकान आलं तोवर प्रत्येकाच्या खिशात फोन आला होता आणि फोटो काढायला माणूस लागेनासा झाला होता. मग प्री-वेडिंग आलं आणि आम्ही तगलो. लग्न ठरलेली जोडपी एखाद्या माळावर नाहीतर नदीकाठी जातात, मुलगी जमिनीवर दहा-पंधरा हात लोळणारा गाऊन घालते, मुलगा भाड्याचं ब्लेझर घालतो आणि दोघं एकमेकांकडे अशी बघतात, जशी पुढे जन्मात बघणार नसतात. मी चेष्टा करतो खरी, पण माझ्या घरची चूल त्यावरच पेटते. बारा-तेरा वर्षं झाली. हल्ली मावळतीचा सुंदर उजेड दिसला की आनंद होत नाही, नुसती पाठ दुखायला लागते.

हे गाऊन भाड्याने मिळतात. आमच्या ओळखीत त्यातल्या त्यात बरे गाऊन एकाच ठिकाणी मिळायचे. कुपवाडला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत, सुलोचना मगदूम यांच्याकडे. एका बाजूला लेथ मशीनचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला खोकी बनवणारा कारखाना, आणि मधल्या पत्र्याच्या खोलीत छतापासून टांगलेले गुलाबी, जांभळे, लालभडक गाऊन. शेजारच्या लोखंडाची धूळ बसू नये म्हणून प्रत्येकावर जुन्या साडीची खोळ. ताई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या होत्या. काडीसारख्या बारीक, गळ्यात टेप, पदराच्या कडेला ओळीने टाचण्या. नवरा, रावसाहेब, शेजारच्याच वर्कशॉपमध्ये लेथवर. तो दिवसातून दोनदा दारात येऊन "च्या झाला का?" एवढंच विचारायचा.

पहिल्यांदा त्या माझ्या शूटला आल्या त्या कपड्याच्या काळजीपोटी. आधीच्या कुणा फोटोग्राफरने त्यांचा गाऊन बाभळीतून ओढून नेला होता. तेव्हापासून त्यांनी नियम केला होता, की गाऊन जाईल तिथे मी जाणार. मला वाटलं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आता नवरीच्या आईबरोबर गाऊनचीही आई सांभाळायची. सांगलीला कृष्णेच्या घाटावर आम्ही पोचलो. मुलगी अंगाने भरलेली होती आणि गाऊन मागून वीतभर कमी पडत होता. मुलीच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, आता सगळे हसणार.

ताईंनी तिला पाठमोरी उभी केली, पिशवीतून उसवणी काढली आणि पाठीची मधली शिवण वरपासून कमरेपर्यंत सर्रकन सोडली. दोन कडांना आधीच लूप शिवलेले होते. त्यांतून नाडी ओवली, आवळली, वर केस मोकळे सोडले. समोरून गाऊन असा बसला, जसा तिच्याच मापाचा.

"फोटोला पाठ नसती, बाळ," त्या मुलीला म्हणाल्या. "फुडनं राणी दिसलीस की झालं."

नंतर कळलं, की त्यांच्या प्रत्येक गाऊनची मागची शिवण मुद्दाम कच्च्या टाक्याची असायची. हाताने ओढली तरी सुटावी अशी. शूट झालं की घरी नेऊन पुन्हा कच्चा टाका घालायचा. एकच गाऊन बारीक मुलीलाही व्हायचा आणि जाड मुलीलाही. आम्ही फोटोग्राफरही ते शिकलो. ताई घोळ नीट करण्यात गुंतलेल्या असल्या तर आम्हीच नवरीच्या बहिणीला सांगायचो, "मागची शिवण सोडा, चालतंय." शेकडो वेळा सांगितलं असेल.

कापड त्यांना कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी दिसायचं. दुकानात गेल्या की कापडाचा एक पदर दारात उन्हात आणि एक काउंटरखाली सावलीत धरून फोनवर दोन्हीचे फोटो काढायच्या. दुकानदार वैतागायचा. "आदी फोनला दाखवती, मग कात्रीला," म्हणायच्या. बारीक चौकडी घ्यायची नाही, ती फोटोत नाचते. मखमल उजेड खाते. सॅटीन आभाळ घेतं, त्यामुळे ढगाळ दिवशी सॅटीनचा गाऊन राखी पडतो. हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मी लेन्सच्या गप्पा मारायचो आणि या बाई माझ्या आधी सांगायच्या, की आज लाल नको, पोपटी काढते. त्यांचं म्हणणं नेहमी खरं निघायचं आणि नाव व्हायचं माझं.

फोटो काढून झाला की त्या माझ्या खांद्याशी यायच्या. "दावा." मी स्क्रीनवर फोटो दाखवला की बोटाने तो मोठा करून थेट काखेजवळची शिवण बघायच्या. एकदा मी म्हणालो, "आवं ताई, तोंडं तरी बघा. हसू काय झकास आलंय!"

"तोंडं बघायला त्यांचे आईबाप हायत की," त्या म्हणाल्या. "हितं बघा, चुणी वाकडी पडली. परत घ्या."

असं परत परत घेऊन त्यांनी माझा जीव नकोसा केला, हेही सांगायला हवं. स्वभाव हेकट. एकदा नवरीच्या मामाने घोळावर पाय दिला तर त्याला सगळ्यांसमोर चपला काढायला लावल्या.

रहिमतपूरच्या एका जवानाचं शूट आठवतं. सुट्टीवर आलेला, परत जायला चार दिवस राहिलेले. ब्लेझर घातला तर खांदे असे ताठ, की जणू परेडला उभा आहे. शेवटी तो म्हणाला, "एक फोटो वर्दीत घेऊ का?" गाडीत जाऊन वर्दी घालून आला. मी सवयीने म्हणालो, "ताई, कमरेत जरा टाचण्या मारा, फिट दिसंल." त्या त्याच्या मागे गेल्या, थांबल्या. मग पाठीच्या शिवणीवरून वरून खाली बोट फिरवलं, कॉलर उलटून आतली बाजू बघितली. तो पोरगा बावरला.

"ह्याला टाचणी न्हाई लावायची," त्या म्हणाल्या. "ह्यो अंगावरचा कपडा हाय."

घरी परतताना गाडीत मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलल्या. सांगलीत एका संस्थेत त्यांनी फॅशन डिझाइनचा कोर्स धरला होता, लग्नाआधी. एक वर्ष झालं, मग लग्न ठरलं आणि राहिलं. त्या एका वर्षात त्यांनी एक जाकीट शिवलं होतं, ते बाईंनी आतून उलटं करून वर्गाला दाखवलं होतं. "आतनं बघितलं की कळतंय, दादा, शिवणाऱ्याला काय येतंय ती. आता मी शिवती त्याला आतही न्हाई आन् मागही न्हाई."

मी काहीतरी "तुमच्यासारखं कुणाला जमतंय" वगैरे बोललो. आपण दमलो असलो की दुसऱ्याचं दुखणं कौतुकात गुंडाळून परत देतो.

त्यांची आणि माझी खरी भांडणं व्हायची ती जेवणावरून. ताई जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आणि आमचा धंदा सगळा मावळतीच्या त्या अर्ध्या तासावर उभा. उजेड सोन्यासारखा झाला, की मी ओरडायचो, "ताई, घोळ!" आणि ताई गाडीच्या आडोशाला डबा उघडून बसलेल्या. आमच्यात आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. त्यांच्यात पोटोबा आणि विठोबा एकाच वेळी यायचे. "तुमचा उजेड रोज येतोय," त्या घास घेत म्हणायच्या, "माझा आजचा गेला की गेला." दहा मिनिटं. तेवढी दहा मिनिटं आम्ही त्यांच्याशिवाय निभवायचो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी गाऊन न्यायला गेलो, तर ताईंनी दार आतून लावलेलं. उघडलं तर टेबलावर काळं, जाडजूड काहीतरी पसरलेलं. घोंगडं. जत तालुक्यात त्यांचं माहेर, तिथल्या एका धनगर बाईशी कानडीत बोलून, चार खेपा घालून त्यांनी ते मिळवलं होतं. त्याचा त्या कोट शिवत होत्या. गुडघ्याखाली जाणारा, उभ्या कॉलरचा. घोंगडं कापलं की त्याच्या कडा सुटतात, म्हणून प्रत्येक कडेला आतून सुती पट्टी, बारीक हातटाक्याने. कोट उलटा करून घातला तरी चालला असता.

त्या कोर्सच्या बाई आता संस्थेच्या प्रमुख झाल्या होत्या. जुन्या विद्यार्थिनींच्या कामाचं प्रदर्शन भरवणार होत्या. ताईंचं एकच वर्ष झालेलं, तरी ते जाकीट त्यांच्या लक्षात होतं. अट अशी, की स्वतः शिवलेला एक कपडा आणि तोच कपडा अंगावर घातलेला एक फोटो.

"हॉलच्या मधोमध पुतळ्यावर घालणार हायत म्हणं," ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं भरभर बोलताना मी पाहिलं नव्हतं. "माणसं भवतीनं फिरून बघणार. म्हणून सगळं काम पाठीत घातलंय. चुण्या मानंपासनं सोडल्यात, मधल्या शिवणीच्या दोन्ही अंगांनी. चालताना उघडत्यात, हुबं राहिलं की मिटत्यात. एवढ्या पोरी नटवल्या, दादा. एकदा तरी कुणीतरी मागनं बघू दे."

"आणि घालणार कोण?"

त्या लाजल्या. "माझ्याच मापाचा केलाय. तुमी काढाल का माझा फोटो? पाठमोरा."

मी म्हणालो, काढतो की. पाठ बघू म्हटलं तर दाखवली नाही. "झाल्यावर बघा. अंगावर." आठ महिने त्या कोटावर गेले होते आणि वर दोन महिने गेले. मी मात्र वेगळा दिवस काढला नाही. माझ्याकडे नव्हता म्हणण्यापेक्षा काढावासा वाटला नाही, हे खरं. म्हणालो, पौषात जतच्या माळावर पवनचक्क्यांजवळ एका जोडप्याचं शूट आहे, तुमचं माहेरही तिकडंच, त्यांचं आटपलं की शेवटच्या उजेडात तुमचा काढू. त्यांना ते फार आवडलं.

त्या दिवशी माळावर वारं चांगलं होतं. घोळ आपोआप उडत होता. दूरवर पाण्याचा टँकर वस्तीकडे चालला होता, तो फ्रेममधून जाईपर्यंत थांबलो तेवढंच. जोडपं हौशी, बरोबर नवरीची बहीण. ताई दिवसभर कामात होत्या, पण मध्येमध्ये गाडीकडे बघायच्या. खोळीत गुंडाळलेला कोट मागच्या सीटवर होता.

ऊन उतरलं तशा त्या म्हणाल्या, "मी जेवून घेती. मग आपलं करू." जेवण उरकून त्यांना मोकळं व्हायचं होतं. तोंड धुवायला तांब्याभर पाणी घेऊन त्या पलीकडच्या बांधाकडे गेल्या.

नवरीला थंडी वाजायला लागली होती. बहीण गाडीतून काहीतरी पांघरायला आणायला गेली आणि कोट घेऊन आली. नवरीने हात घातले. समोरून तो कोट बघितला आणि मी इतक्या वर्षांचा कंटाळलेला माणूस, सरळ उभा राहिलो. काळ्या लोकरीवर तांबूस उजेड असा बसला होता, जसा भाजलेल्या मातीवर बसतो. मागे पवनचक्की, वाळलेली ज्वारी. मला फक्त फ्रेम दिसली.

"होत नाहीये," बहीण मागून म्हणाली. "खांद्यात अडकतोय."

"मागची शिवण सोडा, चालतंय," मी म्हणालो. डोळा कॅमेऱ्याला होता.

"निघत नाहीये. लय पक्की आहे."

"पिशवीत कात्री असंल. कापा. ताई परत टाका घालतात."

कापा, असं मी म्हणालो. हे मी इथे लिहून ठेवतोय, कारण नंतर लोकांना सांगताना मी ते वाक्य बहिणीच्या तोंडी घालत आलोय. कात्रीचा आवाज वाऱ्यात ऐकू आला नाही. कोट पुढून सैल पडला, बटणं लागली, नवरी मान वळवून हसली आणि मी बटण दाबत राहिलो.

ताई आल्या त्या नवरीच्या मागच्या बाजूने. मला त्यांचा चेहरा नवरीच्या खांद्यावरून दिसला. आधी त्या नुसत्या बघत होत्या, जसं एखादं अनोळखी काहीतरी बघावं. मग खाली वाकल्या, काहीतरी उचललं. चुणीचा तुकडा असणार. मला तेव्हा कळलं. पण माझा कॅमेरा खाली आला नाही.

वाऱ्याने कोटाच्या दोन बाजू फाकत होत्या आणि पुढून गळा पसरत होता. ताईंनी मागे उभं राहून दोन्ही मुठींत त्या कडा गच्च धरल्या. स्वतःचं डोकं नवरीच्या पाठीआड घेतलं.

"घ्या, दादा," पाठीमागून आवाज आला. "उजेड चाललाय."

मी घेतला. आतापर्यंतचा माझा सगळ्यात चांगला फोटो तो. खोटं कशाला बोलू?

परतीच्या वाटेवर मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? मीच सवय लावली." आणि काच वर केली. याच्यापेक्षा त्या मामाला ओरडल्या तशा मला ओरडल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

नवरीने तो फोटो टाकला आणि तो सगळीकडे फिरला. त्या कोर्सच्या बाईंनीही पाहिला. कोट दुरुस्त होत नव्हता. कात्री शिवणीवरून नाही, तिच्या कडेने घोंगड्यातून गेली होती आणि धागे हातभर आतपर्यंत सुटले होते. बाईंनी ताईंना फोन केला, की कोट नसू दे, नुसता फोटो लावू, फोटोत तर छानच दिसतोय. ताईंनी मला कळवलं, "लावा म्हणून सांगितलंय. पर तुमच्या नावानं. फोटो तुमचा हाय."

मी नको म्हणायला हवं होतं. मी गेलो. चांगला शर्ट घालून गेलो. हॉलच्या मधोमध पाच-सहा पुतळे होते, लोक त्यांच्याभोवती फिरत होते, वाकून शिवणी बघत होते. माझा फोटो भिंतीवर होता. लोक त्याच्यापुढे थांबायचे, वा म्हणायचे, पुढे जायचे. एका मुलीने विचारलं, "सर, या कोटाची बॅक साइड कशी आहे?" मी म्हणालो, मी बघितलेली नाही. तिला वाटलं मी विनोद केला.

त्यानंतर ताईंनी गाऊन द्यायचं बंद केलं. होते ते मिरजेच्या कुणा मुलीला विकले. कुपवाडच्याच एका कारखान्यात कामगारांचे गणवेश शिवायला जायला लागल्याचं मला दुसऱ्याच फोटोग्राफरने सांगितलं. दोन-तीनदा फोन केला. उचलून नीट बोलल्या, मुलाबाळांची चौकशी केली, आणि "या कवातरी" म्हणून ठेवला. मी गेलो नाही. काय तोंडाने जायचं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तर जाण्याचाही कंटाळा होता. माझ्या कंटाळ्याने किती लोकांचं नुकसान केलंय त्याचा हिशेब मी कधी मांडलेला नाही.

यंदाच्या थंडीत सांगलीहून सकाळच्या शूटला निघालो होतो. कुपवाडच्या रस्त्यावर पहिल्या पाळीची गर्दी. एक मोठा ट्रक कारखान्याच्या फाटकात मागे घेत होते, म्हणून सगळं थांबलेलं. माझ्या गाडीच्या अगदी पुढे एक स्कूटर होती. हेल्मेटातला माणूस रावसाहेब, हे मला नंतर कळलं. आधी दिसला तो मागे बसलेल्या बाईचा कोट.

काळा, उभ्या कॉलरचा. मानेपासून चुण्या सुटलेल्या. डाव्या अंगाच्या चुण्या जशा सांगितल्या होत्या तशाच, एकीखाली एक, सीटवर पसरलेल्या. उजव्या अंगाला नुसतं ओढून आणून जाड दोऱ्याने शिवलेलं, कापड तोकडं पडलेलं, मध्ये वेडीवाकडी वळी, खाली एक लांबट भोक. मी काचेतून बघत बसलो. तो कोट मी पहिल्यांदाच मागून बघत होतो.

उतरलो आणि पुढे गेलो. ताईंनी ओळखलं. हसल्या. आता जाड काचेचा चष्मा लागला होता.

"ताई," मी म्हणालो, "कोट घालताय की."

"घालायचा न्हाई तर काय करायचं? थंडीला लय बरा हाय." त्यांनी कॉलर गळ्याशी ओढली. "पाठीतनं तेवढं वारं शिरतंय."

ट्रक आत गेला. रावसाहेबांनी स्कूटर चालू केली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.